आबाजी गोड बोलू लागले तेव्हा

निघताना बायकोने दशम्या बांधून दिल्या, लिंबाचे लोणचे दिले, नवी शाल कागदात गुंडाळून ट्रंकेत अगदी वर ठेवली आणि दारात उभी राहून एकच गोष्ट बजावली, "तिकडं जाऊन कोणाची माफी मागू नका."

तिला माझा स्वभाव ठाऊक आहे. गर्दीत माझ्या पायावर दुसऱ्याने पाय दिला तर ‘माफ करा’ मी म्हणतो. वर्गात एखाद्या मुलाला भूमितीचे प्रमेय समजले नाही, तर रस्त्यात त्याच्या वडिलांसमोर मी मान वर करीत नाही. हा सद्गुण आहे असे मला पूर्वी वाटे. वऱ्हाडात जाऊन आल्यापासून तशी खात्री राहिलेली नाही, आणि म्हणूनच हे लिहायला बसलो आहे. आमच्या कऱ्हाडातून यवतमाळ जिल्ह्यात सहज म्हणून कोणी जात नाही. संयुक्त महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षे झाली तरी आमच्या शिक्षकांच्या खोलीत यवतमाळ नकाशावर दाखवताना बोट जरा भटकतेच.

मी गेलो तो मुलीसाठी. मालती आमची एकुलती एक. शेतकी खात्यातला वसंत नावाचा एक तरुण आमच्या गावी बदलून आला, शेजारी राहिला, आणि दोघांनी एकमेकांना पसंत केले. जात जुळत होती, पत्रिका जुळत होती. अडत होते ते वसंताच्या आजोबांच्या होकारापाशी. दारव्ह्याजवळ बोरडोह म्हणून गाव, तिथे हे आजोबा, सगळे त्यांना आबाजी म्हणत. जंगल सत्याग्रहात तुरुंगात गेलेले. स्वतःच्या मळ्यातली विहीर त्यांनी सगळ्या गावाला, सगळ्या वस्त्यांना, कोणी सांगण्याआधी खुली केली होती. शाळेला जागा दिली होती. असा माणूस, आणि त्याचा निरोप आला होता तो असा: "पोरीले मी लग्नात पाहीन. बापाले पोळ्याले धाडा."

वसंत म्हणाला, "आबाजी हो म्हणाले तर घर हो म्हणेल. नाही म्हणाले तर मी त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाही." मालतीने आत जाऊन माझ्या बुटांना पॉलिश केले.

कळंब

वर्ध्याला आगगाडी सोडून एस.टी. धरली ती कळंबला उतरण्यासाठी. चिंतामणी गणपतीचे दर्शन घेऊनच पुढे जायचे, असे घरून ठरले होते. हे देऊळ आमच्याकडच्या देवळांसारखे उंचावर नाही. पायऱ्या उतरून खाली जावे लागते, आणि पुढ्यात कुंड. देवाकडे जाताना चढून दम लागतो याची मला सवय. इथे उतरत गेलो तेव्हा आपण देवाच्या घरी मागच्या दाराने शिरतो आहोत असे उगीच वाटले, आणि लगेच अपराधीही वाटले.

गाभाऱ्यासमोर हात जोडून मी सगळी हकीकत मनात सांगू लागलो. मालतीचे शिक्षण, वसंताची नोकरी, आबाजींचा निरोप. थोडा वेळ गेला असावा. एकदम पुजारीबुवा म्हणाले, "काहो, देवाले काय पोथी वाचून दाखवून राह्यले? मागं लोकं उभे हायेत."

असे पांढरेशुभ्र, तेजःपुंज गृहस्थ, आणि बोलणे हे. मी म्हणालो, "माफ करा."

"मले कायले? त्याईले म्हना."

म्हणून मी वळून रांगेतल्या लोकांची एकेक करून माफी मागू लागलो. त्यामुळे रांग आणखी खोळंबली. एक म्हातारी म्हणाली, "बाप्पा, हा तर आता पायाबी पडते काय." पुजाऱ्यांनी मला दंडाला धरून बाजूला घेतले, हातावर खोबरे ठेवले आणि कुठे निघालात म्हणून विचारले. बोरडोहला, आबाजींकडे, म्हणताच त्यांचा चेहरा बदलला.

"मंग इथं कायले टाइम घालवला? तिथं माह्या देवाचं काही चालत नाही." मग जवळ येऊन म्हणाले, "शिव्या देतीन. दिल्या तर मुकाट बसू नका. अन् नाही दिल्या तर लवकर निंघजा."

मला वाटले, थट्टा करताहेत. मी त्यांचे आभार मानले आणि पहिल्या वेळेला नीट मानले नाहीत म्हणून पुन्हा मानले.

दारव्हा

दारव्ह्याला पोचलो तो बाजाराचा दिवस होता. पोळ्याचा बाजार म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला सांगून समजणार नाही. आमच्याकडे बेंदूर होतो तो आषाढात, आणि उरकतो. इथे एक अख्खा बाजार बैलांच्या शृंगाराचा होता. रंगीत गोंडे, शिंगांना लावायचे बेगड, घुंगरमाळा, पाठीवर टाकायच्या झुली. माणसांच्या कापडाचे दुकान कोपऱ्यात, ओस.

न्यायला स्वतः आबाजी आले होते. बैलगाडीजवळ उभे; तिकडे तिला बंडी म्हणतात. उंच, वाळलेले, डोक्याला पांढरा रुमाल, हातात काठी. शेजारी त्यांचे चिरंजीव, म्हणजे वसंताचे वडील नामदेवराव, फार मऊ गृहस्थ, बोलण्याआधी वडिलांकडे बघणारे. मी ट्रंक खाली ठेवली आणि आबाजींच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"तिथं काय हरवलं?"

मी तसाच वाकलेला. आजूबाजूचे लोक थांबले.

"वसंतानं लिहिलं होतं मास्तर हाय म्हनून," आबाजी नामदेवरावांना म्हणाले, पण आवाज सगळ्या बाजाराला. "हे तर पायपुसनं निंघालं."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी उठलो, हात झटकले आणि म्हणालो, "माफ करा." मग वातावरण निवळावे म्हणून ट्रंक उघडून शाल काढली आणि त्यांच्या खांद्यांवर घातली. घरी त्यासाठी चार वाक्ये पाठ केली होती; त्यांतले पहिले, ‘आपल्यासारख्या त्यागी पुरुषाच्या’, एवढे म्हणून झाले.

"मी मेलो काय?" आबाजी म्हणाले. "अंगावर कपडा टाकून राह्यला."

त्यांनी शाल काढली, उलटसुलट पाहिली आणि बंडीच्या डावीकडच्या बैलाच्या पाठीवर टाकली. "याले बरी दिसते. पोळ्याले झूल आनायची राह्यलीच होती." पुन्हा सगळे माझ्याकडे पाहत होते, आबाजीसुद्धा, जणू आता माझ्या तोंडून काहीतरी बाहेर पडायचे होते. मी विचार केला आणि बैलाची माफी मागितली. कारण शाल ओली होती. वाटेत लोणच्याची बरणी तिच्यावर कलंडली होती.

नामदेवराव खोकले. आबाजींनी माझ्याकडे जरा निराशेने पाहिल्यासारखे वाटले, पण ते उन्हामुळे असेल असे मी धरले.

बोरडोहच्या वाटेवर

दारव्हा सुटल्यावर दोन्ही अंगांना पऱ्हाटी. कापसाचे झाड मी वर्गातल्या तक्त्यावर पाहिले होते. त्याला इतके नाजूक पिवळे फूल येते हे तक्त्यावर नव्हते. मध्ये तुरीच्या ओळी, पलीकडे माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली ज्वारी. आणि खाली काळी माती. आमच्या कृष्णाकाठची माती काळी आहे असे मी आजवर सांगत आलो. हिच्यापुढे ती सावळी म्हणावी लागेल.

या मातीने ओढ्यापाशी बंडीचे चाक धरले. मी उतरून ढकलायला गेलो. आबाजी म्हणाले, "बस गुमान, तुह्यानं फळा तरी पुसला जाते काय." तरी मी ढकलले. चाक निघाले, बंडी पुढे गेली, मीही गेलो, फक्त उजवा बूट गेला नाही. हात कोपरापर्यंत घालून शोधला. माती नुसती गुबगुब आवाज करी. मालतीने पॉलिश केलेला बूट.

आबाजी वरून शांतपणे पाहत होते. "पेरला काय? चांगलं केलं. पानी बरं हाय औंदा, उगवन."

मी म्हणालो, "माझ्यामुळे उशीर झाला, माफ करा."

त्यानंतर गाव येईपर्यंत आबाजी फक्त बैलांशी बोलले. एका पायात बूट घालून बसणे बरे दिसेना, म्हणून मी दुसराही काढून मांडीवर घेतला.

बोरडोह

घर धाब्याचे, पुढे ओटा, ओट्यावर खाट. सकाळ-संध्याकाळ गाव त्या ओट्यावर येते आणि खाटेवर आबाजींच्या शेजारी सोनबाजी नावाचे त्यांच्याच वयाचे गृहस्थ बसतात. सोनबाजी पलीकडच्या वस्तीतले. सहा-सात वर्षांपूर्वी त्या वस्तीने बौद्ध धर्म घेतला. त्यांच्या घरात जाऊन आलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोनाड्यात मुलांची पुस्तके, आणि देव्हाऱ्याची जागा सारवून स्वच्छ ठेवलेली. तिथे आता कंदील असतो.

पहिल्याच संध्याकाळी ऐकले ते असे.

आबाजी म्हणाले, "सोन्या, तू सारे देव सोडले. मले कधी सोडतो?"

"देव शहाणे होते," सोनबाजी म्हणाले. "सोडलं म्हनलं अन् गेले. तू तर गोचीड हायेस."

ओट्यावरचे सगळे हसले, आबाजी सर्वांत जास्त. मी हसलो नाही. दोन वृद्ध, आदरणीय माणसे एकमेकांना असे बोलतात, आणि त्यावर हसायचे? आमच्याकडेही अपमान करतात, नाही असे नाही. पण इतक्या सभ्यपणे, की घरी जाऊन चप्पल काढेपर्यंत तो लक्षात येत नाही.

जेवायला ज्वारीच्या भाकरी, झुणका, आंबाडीची भाजी आणि ठेचा. वसंताची आई गंगाबाई वाढत होत्या. मी ठेच्याला चटणी समजलो. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी वाहू लागले, नाकातून वाहू लागले, कानांतून वाफा निघतात असे वाटले. तांब्या हाताला लागेना.

आबाजी ताटावरून म्हणाले, "रडते कायले? पोरगी तर अजून दिली नाही."

दारात उभे असलेले शेजारी थांबून माझ्याकडे पाहू लागले. गंगाबाईंचा हात भाकरीवर थांबला. मी पाणी पिऊन म्हणालो, "माफ करा, आमच्याकडे इतकं तिखट खात नाहीत."

"तुमच्याकडे काय खातेत? म्हनते, पाहुन्याले अर्धा कप चहा देतेत अन् बशीच मोठी ठेवतेत. खरं काय?"

हे खरे आहे. मी ते कबूल केले आणि सर्व कऱ्हाडकरांच्या वतीने दिलगिरी व्यक्त केली. आबाजींनी घास खाली ठेवला. माझ्याकडे पाहिले, नामदेवरावांकडे पाहिले आणि सुस्कारा सोडला. आपण या थोर माणसाला कशाने दुखावतो आहोत ते मला कळेना, म्हणून मी अधिकच नम्र झालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टोपीला, माझ्या भूमितीला, माझ्या चालण्याला आणि आमच्या कृष्णा नदीला नावे ठेवली. प्रत्येक वेळी पुढे थोडी शांतता असे. त्या शांततेत मी न चुकता माफी मागत होतो.

खांदशेकणी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळतात, पळसाच्या पानाने शेकतात आणि बैलाच्या कानाशी वाकून त्याला उद्याच्या जेवणाचे आमंत्रण देतात. आबाजी स्वतः वाकले. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या त्या खांद्यांना ते इतक्या हळुवारपणे तूप लावत होते, की मला मनात आले, या बैलांचे नशीब आपल्याला का नाही. लगेच हा मत्सर मला खटकला.

हात धुऊन ते माझ्याकडे आले. म्हणाले, "मास्तरसाहेब, दमले असान. नामदेव, मास्तरसाहेबाईले गादी टाक. तकिया दे. आपली काही आबाळ तं नाही झाली ना? उद्या पोळा पाहून घ्या, परवा आपल्यासाठी बंडी धुऊन ठेवतो. आमच्या गरिबाच्या घरी आपन आले, लई बरं वाटलं."

मला भरून आले. अखेर पाषाण द्रवला होता. नम्रतेचा विजय झाला होता. गादीवर बसून मी बायकोला मनातल्या मनात उत्तर देत होतो, की बघ, माफी मागितली म्हणून काही बिघडले नाही. आनंदात मी आत पाणी प्यायला गेलो तर गंगाबाई चुलीपुढे पदराने डोळे पुसत होत्या.

"काय झालं?"

"मामंजी तुमच्याशी गोड बोलले," त्या म्हणाल्या.

"हो. फार गोड बोलले."

"तेच तं. बंडी धुवा म्हनले. निरोपाचा दुपट्टा-नारळबी काढाले लावला." त्या म्हणाल्या, "आता काही होत नाही, भाऊजी. मामंजी गोड बोलते ते फकस्त दोघाईशी. एक कापसाचा दलाल, अन् दुसरा ज्याले परत बलवाचं नाही तो."

मी तांब्या तसाच खाली ठेवला. बाहेर गादी पसरलेली होती, मऊ, तकियासकट. त्या रात्री तिच्यावर मला काटे टोचत राहिले. मालतीला काय सांगणार होतो? ‘तुझा बाप फार सभ्य आहे, म्हणून तुझे लग्न मोडले’?

नदीवर

पोळ्याच्या सकाळी गावचे बैल नदीवर धुतात. सोनबाजीही आपली जोडी घेऊन आले होते. मी अनवाणी त्यांच्या मागे पाण्यात उतरलो आणि सरळ विचारले, "माझं काय चुकलं?"

ते बैलाची पाठ घासत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही त्याले उत्तर देत नाही."

"एवढ्या थोर माणसाला उत्तर कसं देऊ?"

"मंग तो काय करन? एकटाच शिव्या देईन? इथं आपल्या मानसाले टोमना मारतेत, तो उलट मारते. मंग दोघं एका खाटेवर बसतेत. तुम्ही खाली मान घालून माफी मागता. गावासमोर तो पाहुन्याले छळनारा ठरून राह्यला. त्याची इज्जत गेली ना, मास्तर."

मी पाण्यात उभाच राहिलो. तीन दिवस मी आबाजींना उद्धट समजत होतो, आणि उद्धटपणा चालला होता तो माझा.

"आमाले जनम गेला शिव्या खाता खाता," सोनबाजी म्हणाले. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "शिव्या तं सारेच देत. उत्तर आयकून घेनारा गावात हा एकच भेटला. मी पहिल्यांदा उलट बोललो तवा मले वाटलं, आता काठी पडते. तो हसला. सरकला अन् खाटेवर जागा केली. लोकाईनं लई कटकट केली, पन त्यानं जागा काही मोडली नाही."

"मग मी आता त्यांची माफी मागतो," मी म्हणालो. "आजवर माफी मागितली त्याबद्दल."

सोनबाजींनी घासणे थांबवले. "मास्तर, आता माफी मागान तर मीच तुम्हाले या डोहात बुडवीन."

मग म्हणाले, तोरणाखाली झडत्या होतात. झडती म्हणजे चार ओळींचे खोचक कवन, दोन बाजू एकमेकींवर फेकतात. पाटील असो की सावकार, त्या दिवशी कोणाला सोडत नाहीत आणि कोणी रागावत नाही. "तिथं बोला. तिथं नाही बोलले, तं बंडी धुतलेलीच हाय."

पोळा

दुपारभर मी गोठ्यामागे बसून शब्द जुळवले. बावीस वर्षे मुलांना ‘सिद्ध करा’ म्हणत आलो. इतका घाम कधी फुटला नव्हता. मधूनमधून ज्यांना टोमणा मारायचा त्यांचा तुरुंगवास आठवे, विहीर आठवे, आणि आलेली ओळ मी पुसून टाकी. मग मालतीने पॉलिश केलेला बूट आठवे आणि ओळ पुन्हा येई.

उन्हे उतरल्यावर मारुतीपुढच्या मैदानात आंब्याच्या पानांचे तोरण बांधले गेले आणि त्याखाली बैल ओळीने उभे राहिले. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा. आबाजींच्या डाव्या बैलाच्या पाठीवर माझी शाल होती. लोणच्याचा डाग हळदीने झाकला होता. खरेच त्याला शोभत होती. सोनबाजीही आपल्या जोडीजवळ होते. "महादेवाचा गजर तुम्ही करा," ते कोणाला तरी म्हणत होते, "मी बैलासाठी आलो."

झडत्या सुरू झाल्या. पाटलाच्या पोटावर झाली, सोसायटीच्या चेअरमनवर झाली, आबाजींनी सोनबाजींवर एक केली आणि सोनबाजींनी ती व्याजासकट परत केली. प्रत्येकीनंतर हलगी आणि गजर. आबाजींनी माझ्यावर मात्र एकही केली नाही. एकदा नजरानजर झाली तेव्हा त्यांनी अदबीने नमस्कार केला. लोकांनी तो पाहिला आणि त्याचा अर्थ ओळखला. नामदेवराव खाली बघू लागले.

मी पुढे झालो. हलगीवाला थांबला. आणि वर्गात म्हणतो त्या आवाजात, कारण दुसरा मला नाही, मी म्हणालो,

"बोरडोहच्या वाटेला चिखल दाट,
बुटानं माझ्या धरली पाताळाची वाट;
शाल आणली आबाजीला,
शोभून दिसली बैलाला;
गाव म्हणे मास्तर चुकला,
दोघांत शहाणा बरोबर ओळखला."

एका बैलाने मान हलवली, घुंगरू वाजले. आबाजी माझ्याकडे पाहत होते, काठीवर दोन्ही हात ठेवून, चेहऱ्यावर काहीही नाही. तुरुंग, विहीर, शाळेची जागा, सगळे एकदम माझ्या डोळ्यांपुढे आले आणि तोंडातून सवयीने ‘मा’ निघाला. तेवढ्यात सोनबाजींनी माझ्या अनवाणी पायावर आपली वहाण ठेवली आणि सगळा भार दिला. ‘माफ’चा ‘फ’ घशातच राहिला.

"बाप्पा," आबाजी सावकाश म्हणाले, "मास्तराले दात हायेत."

मग बैलाकडे पाहिले, शालीकडे पाहिले, आणि त्यांचे खांदे हलू लागले. हसताना त्यांना खोकला आला, खोकताना आणखी हसू आले, शेवटी नामदेवरावांनी त्यांना धरले. गाव त्यांच्यामागून हसले. नामदेवरावही हसले, वडिलांकडे न बघता. पण झडती परत केल्याशिवाय आबाजी राहतात कुठले. काठी उंचावून त्यांनी गाव गप्प केले.

"कऱ्हाडचा मास्तर एका बुटात,
ठेचा खाऊन रडला ताटात;
असा व्याही पडला गळ्यात,
पोरीले तरी पाठव जोड्यात."

व्याही हा शब्द मी ऐकला. गंगाबाईंनी तो बायकांच्या घोळक्यातून ऐकला आणि पदर तोंडाला लावला. हलगी सुरू झाली, तोरण तुटले, बैल उधळले, आणि त्या धुळीत आबाजी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काय बे, तीन दिवस तोंडात काय मूग भरले होते? मी मेलो असतो शिव्या शोधून शोधून."

त्या रात्री मला गादी मिळाली नाही. खाटेवर आबाजी आणि सोनबाजी सरकले आणि मधे जागा झाली. ती फारच अरुंद होती.

कऱ्हाड

घरी आल्यावर बायकोने पहिले पाहिले ते माझे पाय. आबाजींनी दिलेल्या वहाणा, एक बोटभर मोठ्या. दुसरे विचारले, "माफी मागितली नाहीत ना?" मी म्हणालो, "शेवटची नाही मागितली." मालतीने बुटाची चौकशी केली. मी तो वऱ्हाडात पेरला असे सांगितले. ती लग्नाच्या होकाराइतकीच त्या उत्तराने चकित झाली. असे बोलण्याची माझी कीर्ती नव्हती.

वैशाखात लग्न झाले. वऱ्हाड आले तेव्हा आमची सगळी नातेवाईक मंडळी, शाळेचे मुख्याध्यापक, सगळे मांडवाच्या दारात हात जोडून उभे होते. सत्याग्रही पुरुष येणार म्हणून मुख्याध्यापकांनी हार आणला होता. आबाजी उतरले, मागून सोनबाजी. आबाजींच्या हातात ताट, ताटात हळद-कुंकू, आणि मधोमध माझा उजवा बूट. ओढ्यालगतच्या शेतात वखर फिरवताना निघाला होता. चामडे लाकडासारखे झालेले, आणि आत काळी माती भरून त्यात पऱ्हाटीचे एक रोप लावलेले.

"घे, मास्तर," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "म्हनलं होतं ना, उगवन."

मुख्याध्यापकांचा हार हातातच राहिला. आमचे थोरले बंधू कानाशी कुजबुजले, की मोठे आहेत, मुकाट घे आणि पाया पड. माझे हात जोडले जायला निघालेही होते. पलीकडे सोनबाजींनी आपली वहाण किंचित उचललेली दिसली.

मी ताट घेतले, बूट उलटसुलट पाहिला. "एकच?" मी म्हणालो. "तुमच्या काळ्या मातीचं एवढं नाव ऐकलं होतं. वाटलं, जोडीनं उगवेल."

आबाजी आधी हसत सोनबाजींकडे वळले, मग माझ्या खांद्यावर हात टाकून आत शिरले. आमचे थोरले बंधू अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाचा मी भर मांडवात पाणउतारा केला असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांची माफी मागावी असे अधूनमधून फार वाटते. अजून मागितलेली नाही. रोप परसात लावले आहे. त्याला बोंड आले तेव्हा मी आबाजींना कार्डावर तेवढेच कळवले, आणि उत्तर आले की बोंडापेक्षा बूट मोठा होता.